शुक्रवारचा सूर

शनिवारी सकाळी लिफ्टमध्ये मिसेस को म्हणाल्या की काल तुझा तो शेवटचा सूर ऐकून मला रडू आलं, आणि वल्लरीला आपण कुठल्या मजल्याचं बटण दाबलंय तेच आठवेना. मिसेस को शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, बत्तीस वर्षं त्यांनी शाळेचं गायनपथक सांभाळलेलं. म्हणजे उगाच गोड बोलणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी स्वतःचं तिकीट काढून ऑपेरा पाहिला होता आणि आता लिफ्टच्या पांढऱ्या उजेडात, हातात भाजीची पिशवी घेऊन, त्या सांगत होत्या की मागच्या वर्षीच्या ऑपरेशननंतर असा सूर लावणं म्हणजे गंमत नाही. वल्लरी थँक्यू म्हणाली. शब्द अगदी सहज बाहेर पडला, कुणी रस्त्यात पडलेला हातरुमाल उचलून दिल्यावर आपण म्हणतो तसा. मग नववा मजला आला, दोघी आपापल्या दाराशी गेल्या आणि कुलपात किल्ली फिरवताना तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता पहिल्यांदा खोटं बोललो. काल रंगमंचावर जे झालं त्याला खोटं म्हणायचं की नाही, ते तिचं अजून ठरत नव्हतं. पण हे थँक्यू निश्चित खोटं होतं. तो सूर तिचा नव्हता.

तो ऋग्वेदाचा होता. ऋग्वेदा म्हणजे टॅम्पिनीसच्या स्मिता दामल्यांची मुलगी, बावीस वर्षांची. तेराव्या वर्षापासून वल्लरीकडे शिकत आलेली, आणि या ऑपेरात कोरसमध्ये उभी. वल्लरीची भूमिका दीपगृहाच्या रखवालदाराच्या बायकोची. नवरा होडी घेऊन गेलेला, तो परत येत नाही, शेवटच्या प्रवेशात ती एकटी कठड्याशी उभी राहून गाते, आणि गाणं चढत चढत वरच्या 'सी'वर जाऊन थांबतं. तिथे ऑर्केस्ट्रा वाट पाहतो. तो एक सूर पाच-सहा सेकंदांचा. बाकी अडीच तास वल्लरीने आपल्याच गळ्याने गायले होते. फक्त त्या पाच-सहा सेकंदांत ती तोंड उघडून, उजवा हात वर करून उभी राहिली, आणि तिच्या मागे, दीपगृहाच्या कॅनव्हासच्या भिंतीआड चार हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या ऋग्वेदाने तो हात फटीतून पाहून सूर लावला. प्रेक्षकांतून कुणालाही काही कळलं नाही.

अशा गोष्टी कशा घडतात हे सांगायला गेलं तर त्यात कुणाची चूक सापडत नाही. वल्लरी शहाण्णव साली पुण्याहून इथे, या परक्या बेटावर, इंजिनिअरिंग शिकायला आली, एकोणीस वर्षांची. फीमध्ये सवलत हवी तर शिकून झाल्यावर तीन वर्षं इथेच नोकरी करायची अशी अट होती, तीही तिने पाळली. दिवसभर कोड लिहायचा आणि संध्याकाळी गायचं. कॉलेजच्या गायनपथकात ती केवळ एका मैत्रिणीच्या सोबतीसाठी गेली होती. तिथल्या म्हाताऱ्या आयरिश शिक्षकाने तिला एकटीला पेटीसारखं एकेक पायरी वर चढवत नेलं, आणि जिथे बाकीच्या मुली खोकून थांबल्या होत्या तिथून तिचा आवाज पुढे निघाला. तो म्हणाला, "यू आर अ सोप्रानो." कुणीतरी रक्तगट सांगावा तसं. सगळ्यांत वरच्या पट्टीत गाणारी, हा त्या शब्दाचा अर्थही तिला तेव्हा नीट ठाऊक नव्हता, पण आपण काहीतरी आहोत, आणि ते आपल्याला आत्ता कळलं, एवढं तिला पटलं. त्यानंतरची सगळी वर्षं त्या एका शब्दाची होती. नोकरी सोडणं, मिलानमधले दोन उन्हाळे, हाँगकाँग, मनिला, पर्थ, कुठे मोलकरणीची भूमिका, कुठे धाकट्या बहिणीची, मग हळूहळू नायिकेची. पुण्याला आई नीलिमा पेटीचे क्लास घ्यायची, डहाणूकर कॉलनीत, बायकांना भावगीतं शिकवायची. तिने वल्लरीची एकदाच कॅसेट ऐकली आणि एवढंच विचारलं की इतक्या वर का ओरडायचं, खाली कुणी ऐकत नाही का. इथे राहायच्या पासवर सही झाली, लग्न झालं, फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात वल्लरी 'गायिका' न लिहिता 'सोप्रानो' लिहायची आणि नवरा, प्रबोध, हसायचा.

दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये गळ्यात गाठ सापडली. थायरॉइडची, साधी, पण काढावी लागणार. सर्जनने आधीच कागदावर चित्र काढून दाखवलं की इथून एक बारीक नस जाते, तिच्यामुळे आवाज वर चढतो, ती दुखावण्याची शक्यता अगदी थोडी आहे. तिने सही केली. ऑपरेशन उत्तम झालं. गाठ निरुपद्रवी निघाली, व्रण चार महिन्यांत पुसट झाला, बोलायला काही अडचण नाही, फोनवर आईला तर काहीच फरक कळला नाही. गाणंही परत आलं, खालचं, मधलं, अगदी 'सी'च्या दोन सूर खालच्या 'ए'पर्यंत. त्याच्यावर काही नव्हतं. आवाज फाटायचा असं नाही, बेसूर व्हायचा असंही नाही. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या कुणी काढून नेल्यासारखं व्हायचं. पाय टाकायचा आणि तिथे नुसती हवा. दीड वर्ष ती रोज सकाळी त्या हवेत पाय टाकत राहिली. दीपगृहाची भूमिका ऑपरेशनच्या आधीच ठरलेली. कंपनी लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यांनी तिची वाट पाहिली, आणि तिने सांगितलं की जमेल.

भिंतीआड दुसरीला उभं करण्याची कल्पना तिचीच. हेही तिला आता शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःशी नीट कबूल करावं लागलं, कारण कालपासून मनात तिने ती नकळत ऑर्केस्ट्राचा कंडक्टर योहान याच्या नावावर ढकलली होती. योहानने उलट दुसरा मार्ग सुचवला होता. शेवटचा सूर खालचा घे, स्वरलिपीत तशी सोय लिहिलेली आहे, बऱ्याच गायिका घेतात. तीच म्हणाली की नको, तो सूर नसेल तर त्या बाईच्या वाट पाहण्याला अर्थ उरत नाही. तीच म्हणाली की माझ्याकडे एक मुलगी आहे. योहानने खांदे उडवले, तुला वाटतं त्यापेक्षा हे जास्त ठिकाणी चालतं, एवढंच म्हणाला. आणि ऋग्वेदाला विचारलं तेव्हा ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "कॅन, मावशी," म्हणजे जमेल. कुणाला सांगायचं नाही हे तिला सांगावंही लागलं नाही.

पण या सगळ्याची वल्लरीला तयारी होती. लाज वाटेल, अपराधी वाटेल, हे तिने आधीच धरून ठेवलं होतं, प्रवासाला निघताना औषधं बरोबर घ्यावीत तसं. जे झालं त्याची मात्र तयारी नव्हती. शुक्रवारी तिने हात वर केला, श्वास भरला, तोंड उघडलं, आणि सूर आला, आणि तो तिच्या कपाळात वाजला. तिच्या छातीच्या फासळ्या थरथरल्या. तिला माहीत होतं की हा मागून येतोय, आपल्या गळ्यातून फक्त श्वास जातोय, आणि तरी शरीर काही ऐकायला तयार नव्हतं. शरीर म्हणत होतं, आला, परत आला. त्या पाच सेकंदांत ती जितकी सुखी होती तितकी गेल्या दीड वर्षात, कदाचित त्याआधीच्या कितीतरी वर्षांत, झाली नव्हती. आणि त्यातच तिला आणखी एक गोष्ट ऐकू आली. सूर नेमका जागेवर न उतरता किंचित खालून आला होता, दाराला आधी हात लावून मग आत यावं तसा. ही आईची सवय. आई क्लासमधल्या बायकांना सांगायची की सुरावर उडी मारू नका, खालून त्याला स्पर्श करा आणि मग उभ्या राहा. वल्लरीच्या गळ्यात ती होती आणि मिलानच्या शिकवणाऱ्या बाईने दोन उन्हाळे खर्चून ती काढून टाकली होती, हा दोष आहे, घसरणं आहे म्हणून. ऋग्वेदाला तिने ती कधीच शिकवली नव्हती. असं काही कानावर आलं की ती तिला थांबवायची. मग काल ती त्या मुलीच्या गळ्यात कुठून आली? आपण जे स्वतःमधून काढलं ते कुठे पडलं होतं इतकी वर्षं? बोलताना, चहा करताना, सहज गुणगुणताना आपणच सांडत होतो की काय? आणि तसं असेल तर तो सूर नक्की कुणाचा म्हणायचा?

प्रबोध बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. वन-नॉर्थमध्ये तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, आणि शनिवार असला तरी कुठे ना कुठे काहीतरी बंद पडलेलं असायचं. काल परतताना टॅक्सीत तो नेहमीसारखा बोलला. तुझा झगा छान होता, पुढच्या रांगेतला माणूस घोरत होता, वाटेत थांबून प्राटा, इथला पराठा, खायचा का. सुराबद्दल एक शब्द नाही. गाण्यातलं त्याला फार कळत नाही असं तो स्वतःच म्हणायचा, पण बारा वर्षं तिचा रियाज त्याने भिंतीपलीकडून ऐकला होता, ती दमली आहे की चिडली आहे हे तो तिच्या सुरांवरून ओळखायचा. तेव्हा एक तर त्याला कालचा सूर परका आहे हे कळलं होतं आणि तो गप्प राहिला, किंवा बारा वर्षांनंतरही तिचा आवाज कुठला आणि दुसरीचा कुठला हे त्याला कळत नव्हतं. यातलं कुठलं बरं, याचा विचार करत ती कपबशी विसळत राहिली. पहिलं असेल तर त्याने मला दया म्हणून सोडून दिलं. दुसरं असेल तर मग इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडे कोण ऐकत होतं? विचारणं अगदी सोपं होतं. दहा पावलांवर तो बसला होता. तिने त्याला चहा हवा का विचारलं आणि तो हो म्हणाला.

अकराला ऋग्वेदा नेहमीच्या तासाला आली. टॅम्पिनीसहून बुकित पंजांग म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पण तिने नऊ वर्षांत तास कधी चुकवला नव्हता. आज ती वेगळी दिसत होती, की वल्लरीच वेगळी पाहत होती कोण जाणे. पियानोपाशी उभी राहून ती आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मम्मी घरी जाऊन काय म्हणाली ते तिने सांगितलं. म्हणाली, "बघ, चाळिशीला आलेल्या बाईचा सूर असा लागतो, आणि तू सकाळी दहापर्यंत झोपतेस." हे सांगताना ती हसली, वल्लरीही हसली. वल्लरीने तिला विचारलं की तुला वाईट वाटलं का. ऋग्वेदा मराठी समजायची पण उत्तर देताना इंग्रजीत घसरायची, ती म्हणाली, नॉट रिअली लाह, तसं काही नाही. पूर्ण ऑर्केस्ट्रा आपल्या एका सुराखाली थांबतो हे तिला आजवर माहीत नव्हतं. अंधारात, कॅनव्हासच्या रंगाचा वास येत होता, समोर फक्त मावशीचा हात दिसत होता आणि तिला वाटलं की आपल्याला कुणीच पाहत नाहीये म्हणून आपण इतकं गाऊ शकतो.

"उद्या पण करायचंय ना?" तिने विचारलं. मराठीतच, आणि जरा घाईने.

वल्लरी हो म्हणाली. ती घाई तिच्या ध्यानात आली. आपण या मुलीकडून काहीतरी घेतलं एवढंच तिने धरलं होतं. आपण तिला काहीतरी दिलंही असेल, आणि ते परत काढून घेणं आता आपल्या हातात आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांनी रोजचे सूर म्हटले. वर चढताना ऋग्वेदाने तोच खालचा स्पर्श केला आणि वल्लरीने सवयीने हात वर करून तिला थांबवलं. मग तो वर धरलेला हात तिला दिसला, तिने तो खाली घेतला आणि पुढे चल म्हणाली.

रविवारी दुपारी तीनचा खेळ. शेवटच्या प्रवेशापर्यंत तिने काहीही ठरवलं नव्हतं, हे ती नंतर कुणालाही शपथेवर सांगू शकली असती. कठड्याशी ती उभी राहिली, समोर योहानचे पांढरे हात, त्यापलीकडे काळोख, काळोखात सहाव्या रांगेत कुठेतरी प्रबोध. गाणं चढायला लागलं. पाठीमागे भिंतीआड ऋग्वेदाने श्वास भरलेला तिला ऐकू आला, किंवा तसा भास झाला, आणि एकाएकी तिला कळलं की आपल्याला तो आनंद पुन्हा नको आहे. लाजेमुळे नव्हे. तो आनंद इतका खरा होता, आणि आपण त्यासाठी पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, पुन्हा पुन्हा अशा भिंती शोधत फिरू, या भीतीने. तिचा उजवा हात कठड्यावर होता. तो तिथेच राहिला. तिने एकटीने वर पाय टाकला. 'ए' लागला, त्याच्यावरचा अर्धा लागला, आणि मग नुसता श्वास. योहानने मान वर केली. ऑर्केस्ट्रा थांबून राहिला होता, त्या थांबण्यात कुणीच नव्हतं, दोन सेकंद, तीन. समोर कुणीतरी खोकलं. मग ती खाली आली, एकदम एक सप्तक खाली, आणि तोच सूर तिथे लावला, खालून हात लावून, मिलानच्या बाईला चाललं नसतं तसा. त्या सुरात ती भूमिकेतली बाई वाट पाहत नव्हती. तो येणार नाही हे तिला कळलं होतं. असं योहान नंतर म्हणाला, आणि त्याला ते आवडलं की तो नुसता सावरून घेत होता, हे तिला कळलं नाही. टाळ्या पडल्या. शुक्रवारपेक्षा कमी.

मेकअपच्या खोलीत ऋग्वेदा भिंतीला टेकून उभी होती, रडून झालेली. ती म्हणाली, "मी तुझ्या हाताची वाट बघत होते." मग इंग्रजीत, भराभर, की मी येऊ शकले असते, तीन सेकंद होते, माझ्याकडे श्वास होता, पण तुला हवंय की नाही ते मला कळेना. वल्लरीने तिचे खांदे धरले. तेवढ्यात फुलं घेऊन स्मिता आत आली. तिने दोन्ही खेळ पाहिले होते. आजच्याबद्दल दमली असशील, एवढंच ती म्हणाली. तेव्हा वल्लरीने सांगून टाकलं.

"स्मिता, शुक्रवारचा तो सूर माझा नव्हता. ऋग्वेदाने लावला होता."

स्मिताने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तिचे डोळे भरून आले. तिने वल्लरीचा हात हातात घेतला. "किती मोठं मन आहे गं तुझं," ती म्हणाली. "पण तिचं काही असेल तर ते तूच दिलेलं आहेस. आजचं मनाला लावून घेऊ नकोस." ऋग्वेदा तोंड उघडून काही बोलणार होती. मग तिने वल्लरीकडे पाहिलं आणि ती हसायलाच लागली, रडक्या चेहऱ्याने, आवरता येईना तिला, आणि वल्लरीलाही हसू आलं. स्मिता फुलं हातात घेऊन दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली. खरं सांगूनही ते सांगितलं गेलं नव्हतं. आता ते पुन्हा कसं सांगायचं? पुन्हा सांगितलं तर ते आणखीच विनयासारखं दिसलं असतं. घरी जाऊन सांग, मी फोन करते, असं तिने ऋग्वेदाला हळूच सांगितलं. ऋग्वेदाने मान हलवली, पण हो की नाही ते वल्लरीला कळलं नाही.

परतताना ती आणि प्रबोध मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने आले. गाडी अर्धी रिकामी, समोरच्या बाकावर एक कुटुंब एकाच मोबाइलमध्ये डोकावलेलं. प्रबोधने तिची झग्याची पिशवी मांडीवर घेतली होती. बोगद्याच्या आवाजात बोलणं सोपं गेलं. तिने त्याला सगळं सांगितलं, भिंत, हात, ऋग्वेदा, आणि मग विचारलं, "शुक्रवारी तुला कळलं होतं का, तो सूर माझा नाही ते?"

त्याने पिशवीची चेन थोडी उघडली आणि पुन्हा लावली.

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं तुझाच. मला वाटलं तू बरी झालीस."

"मग काही बोलला का नाहीस?"

"कारण मला आनंद झाला नाही." त्याने हे तिच्याकडे न बघता, समोरच्या काचेत बघत सांगितलं. "हे दीड वर्ष तू घरी होतीस. सकाळी चहाला होतीस. मी ऑफिसातून आलो की होतीस. तुझं काय गेलंय ते मला दिसत होतं, मी रोज म्हणायचो की परत येऊ दे. आणि शुक्रवारी तो आला तेव्हा मला वाटलं, चला, गेली ही परत. म्हणून मी प्राटाबद्दल बोललो."

तिने रागवायचा प्रयत्न केला. राग यायला हवा होता, त्याला जागाही होती, पण तो आला नाही, आणि जे आलं त्याला नाव नव्हतं. दीड वर्ष तिला वाटत होतं की या घरात दोन माणसं एकच दुःख करतायत. भिंतीपलीकडे कोण ऐकत होतं ते आता कळलं होतं. ऐकणारा तिथेच होता, फक्त तो दुसरीच कसली तरी वाट पाहत होता. आणि आपणही शुक्रवारी दुसरीच्या सुरात सुखी झालो, तेव्हा आपण तरी कुणाची वाट पाहत होतो? स्टेशनं येत गेली. समोरचं कुटुंब उतरलं, त्यांच्या जागी दोन शाळकरी मुली येऊन बसल्या.

बुकित पंजांगला सरकत्या जिन्यावर ती त्याच्या एक पायरी वर उभी होती, त्यामुळे दोघांचे डोळे एका पातळीवर आले. "मी गाणं सोडणार नाहीये," ती म्हणाली. "आता खालचं गाईन. कोण बोलावेल, बोलावेल की नाही, काही माहीत नाही. बाहेरगावी जावं लागेल. तुला चालेल?"

जिना वर पोचायला आला होता.

"नाही चालणार," तो म्हणाला. "पण गा."

वर उजेड होता, साडेसहाच्या सुमाराचा, ऊन अजून रस्त्यावर. ती उतरली, मग तो उतरला, आणि पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन तिच्या बाजूने चालू लागला.